ठेका कोणाचा?

अध्यक्षमहोदय, आणि अशा पावसात लोकल पकडून दादरपर्यंत आलेल्या रसिकांनो,

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘स्टुडिओतला ड्रमर आणि त्याच्यातला संगीतकार’. विषय मीच सुचवला होता. गेली कित्येक वर्षं तो माझ्या डोक्यात आहे, आणि आज इतकी कानसेन मंडळी समोर बसलेली आहेत, तेव्हा मोकळेपणाने बोलतो.

आधी मला सांगा, ‘तीसरी मंझिल’ किती जणांनी पाहिलाय? हात वर करा. वा, शेवटच्या रांगेपर्यंत हात आहेत. १९६६ चा सिनेमा, निर्माते नासिर हुसेन, दिग्दर्शक विजय आनंद, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. त्यातला नायक रॉकी काय करतो? हॉटेलात ड्रम्स वाजवतो. हिंदी सिनेमाचा नायक पोटासाठी ड्रम्स वाजवतो, असे सिनेमे आपल्याकडे किती निघाले? आता सांगा, ‘ओ हसीना जुल्फोंवाली’त ड्रम्स कोणी वाजवलेत? (सभागृहातून: ‘शम्मी कपूर!’) पडद्यावर शम्मी कपूरच. आणि काय वाजवलेत! त्या माणसाच्या मानेत लय होती, खांद्यात लय होती. पण आपल्या कानावर जो हात पडतो तो लेस्ली गोदिन्हो यांचा. मागून कोणीतरी ‘लेस्ली’ म्हणालं, ते मी ऐकलं. कार्यक्रम संपल्यावर थांबा, मला तुम्हाला भेटायचंय.

बघा, आशाबाई, रफीसाहेब, मजरूह आणि पंचम, म्हणजे राहुलदेव बर्मन, ही चार नावं या सभागृहातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारली तरी येतील. ज्या गाण्याचा नायकच ड्रमर आहे, त्या गाण्याच्या ड्रमरचं नाव मात्र एकाच गृहस्थांना आलं. यात तुमचा काही दोष नाही. आपल्याला ते कोणी सांगितलंच नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव नाही, रेडिओवरचे निवेदक गायक-गीतकार-संगीतकार सांगून पुढे जातात. तमाशाच्या बोर्डावर असं होत नाही. तिथे ढोलकीवाला बाईच्या शेजारी उभा असतो, त्याची आणि तिच्या पावलांची जुगलबंदी सगळा तंबू बघतो, आणि घरी परतताना लोक त्याचं नाव घेऊन बोलतात. स्टुडिओत वाजवणारा माणूस भिंतीआड गेला आणि त्याचं नावही भिंतीआडच राहिलं.

तर माझं म्हणणं असं आहे. मुंबईच्या स्टुडिओंत तालाच्या बाजूला जी माणसं बसायची, ती गाण्याचा एक भाग रचत होती. त्या कामाला आपण ‘साथ’ म्हणतो. मी त्याला रचना म्हणतो, आणि तिची मोजदाद रचना म्हणूनच व्हायला हवी असं मला वाटतं. 

हे नीट कळायचं तर त्या वेळचं रेकॉर्डिंग कसं चालायचं ते डोळ्यांसमोर आणावं लागेल. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, परळचं राजकमल, वांद्र्याचा मेहबूब. पन्नास आणि साठच्या दशकात गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवायचे. व्हायोलिनचा ताफा, ब्रास, गिटार, मेंडोलिन, आणि एका अंगाला तबला, ढोलक, ड्रम्स, बोंगो, शिवाय साइड ऱ्हिदमवाले. सगळ्यांचं मिळून एक टेक. पाचव्या मिनिटाला एखाद्याची काठी निसटली की शंभर माणसांनी पुन्हा पहिल्यापासून. ती जबाबदारी छातीवर घेऊन हे लोक रोज सकाळी घरातून निघायचे.

आता यातली खरी गोष्ट ऐका. व्हायोलिनवाल्यांच्या समोर स्टँडवर कागद असायचा. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरने, म्हणजे वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्याने, रात्र जागवून एकेक सूर लिहिलेला असायचा, आणि वाजवणाऱ्याने तो जसाच्या तसा वाजवायचा. गोव्याहून आलेली बहुतेक मंडळी लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, त्यामुळे ते काम चोख व्हायचं. तालवाल्यांच्या पुढे काय असायचं? बऱ्याचदा काहीच नाही. लय सांगितली जायची, कुठे थांबायचं आणि कुठून उचलायचं ते सांगितलं जायचं, आणि मग ‘कहरवा लावा, पण जरा वेगळा’. हे ‘जरा वेगळा’ म्हणजे काय, ते त्या माणसाने तिथे, त्या क्षणी, सगळ्यांच्या देखत शोधून काढायचं. सिटिंगच्या खोलीतही तेच. पेटी पुढ्यात घेऊन संगीतकार चाल बांधतोय, त्याच्या बाजूला पहिल्या दिवसापासून तबलजी किंवा ढोलकवाला बसलेला असतो. ठेका बदलला की चालीचा तोंडवळा बदलतो. मुखडा दोन मात्रा पुढून उचलावा हे कितीदा ठेक्यानेच सुचवलेलं असतं! जो कोणी गाण्याच्या सिटिंगला बसला आहे, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आणि संगीतकारांचं देणं मी नाकारत नाही. पंचमदा स्वतः सामताप्रसादांकडे तबला शिकलेले. तालाच्या कल्पना त्यांच्याकडे भरभरून होत्या. पण त्यांनीही आपल्याभोवती जी माणसं जमवली ती बघा. मारुतीराव कीर तबल्याला आणि एकूण तालाच्या बाजूला, कांचाभाई म्हणजे रणजित गजमेर मादल या नेपाळी ढोलकीला, होमी मुल्लन, रेसो-रेसोवर आपले अमृतराव काटकर. रेसो-रेसो म्हणजे खाचा असलेलं ते वाद्य, कांडी फिरवली की करकरतं. दिसायला एवढंसं, पण सत्तरच्या दशकातल्या पंचमच्या गाण्यातून अमृतरावांची ती करकर काढून टाका आणि मग गाणं ऐका. गाणं लंगडतं. (टाळ्या) या टाळ्या अमृतरावांना. मारुतीरावांचं नाव तर सिनेमाच्या टायटलमध्ये यायचं, सहायक म्हणून. बासू, मनोहारी, मारुती. आडनावाशिवाय. शंकर-जयकिशन यांच्या सिनेमांत तसंच, दत्ताराम आणि सेबॅस्टियन. दत्तारामांकडे मी येणारच आहे, कारण आजच्या भाषणाचा जीव तिथे आहे. 

पण त्याआधी या नावांकडे एकदा बघा. गोदिन्हो, वाझ, लॉर्ड, मुल्लन, कीर, काटकर, वाडकर, गजमेर. हे असं दुसऱ्या कुठल्या शहरात जमलं असतं? या शहरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर काय काय पडतं ते आठवा. गणपतीत ढोल-ताशे आणि लेझीम. मोहरमचा ताशा, त्याची चाल वेगळी. कोळीवाड्यातली लग्नाची वरात. वांद्रे-माहीमकडे ख्रिस्ती लग्नातला बँड, पारशी नवजोतीला वाजणारा बँड, डोंगरीकडे कव्वाली. आणि फोर्टच्या हॉटेलांत जॅझ. ताजच्या बॉलरूममध्ये तीसच्या दशकापासून जॅझ वाजत होता. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या, आणि ट्रंपेट-ड्रम्स वाजवणारे हात सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा, यांचा ‘अलबेला’ १९५१ चा. ‘शोला जो भडके’ ऐका, त्यातला ताल आपल्या अण्णांच्या घरचा आणि क्यूबाच्या किनाऱ्यावरचा, दोन्ही एकदम आहे. स्टुडिओतला ड्रमर हरहुन्नरी असतो म्हणतात, तो या शहराने केलेला असतो. त्याला सकाळी जाहिरातीचं जिंगल, दुपारी मराठी भावगीताला हलक्या ब्रशने हात, संध्याकाळी कॅबरे, असं एका दिवसात वाजवायचं असतं, आणि प्रत्येक ठिकाणी तो तिथलाच वाटायला हवा.

लॉर्ड घराण्याबद्दल थोडं बोलू द्या. कावस लॉर्ड, म्हणजे सगळ्या इंडस्ट्रीचे कावसकाका. बोंगो, काँगो, क्लेव्ह ही लॅटिन अमेरिकेतली वाद्यं हिंदी सिनेमात रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. त्यांचे दोन मुलगे कर्सी आणि बुजी. बुजी ड्रम्सवर आणि व्हायब्राफोनवर. आणि कर्सी? कर्सीभाईंची सुरुवात तालवाद्यांतून झाली, आणि मग त्यांनी काय काय हातात घेतलं याला अंत नाही. ‘हम दोनों’ आठवतोय? १९६१, जयदेव यांचं संगीत. देव आनंदचा सिगरेट लायटर उघडला की एक छोटी धून वाजते. ती धून म्हणजे त्या सिनेमाचा कणा आहे. ग्लॉकेनस्पीलवर, म्हणजे घंटीसारख्या वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, ती वाजवली कर्सी लॉर्ड यांनी. १९६९ मध्ये ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’, त्यातला अॅकॉर्डियन, तो हातही त्यांचाच. सत्तरच्या दशकात मिनीमूग सिंथेसायझर आपल्या सिनेसंगीतात आणला तोही त्यांनीच. शिवाय अरेंजर म्हणून काम. एक तालवादक घंट्यांच्या पट्टीवरून सुरांकडे येतो, सुरांवरून अॅकॉर्डियनच्या भात्याकडे, तिथून विजेवर चालणाऱ्या वाद्याकडे. २०१६ मध्ये ते गेले. त्यांच्या लयीच्या जाणिवेमुळे त्यांचा अॅकॉर्डियन वेगळा वाजतो असं मला कायम वाटत आलंय. ‘रूप तेरा मस्ताना’त तो श्वास कुठे घेतो ते घरी जाऊन ऐका.

आता दत्ताराम. दत्ताराम वाडकर. गोव्यात जन्मलेले, तरुणपणी मुंबईला आलेले, पंढरीनाथ नागेशकरांकडे तबला शिकलेले. व्यायामाची आवड होती, आणि आखाड्यातच त्यांची शंकर यांच्याशी ओळख झाली. शंकर म्हणजे शंकर-जयकिशनमधले शंकर. हे शंकर स्वतः पृथ्वी थिएटर्समध्ये तबला वाजवायचे, हे लक्षात ठेवा. म्हणजे हिंदी सिनेमातल्या सर्वात यशस्वी संगीतकार जोडीतला एकजण मुळात तालवाला. शंकर यांनी दत्तारामांना आपल्याबरोबर घेतलं आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या तालाची बाजू दत्तारामांच्या हाती आली.

ते ढोलकवर एक ठेका धरायचे. घराणं कहरव्याचंच, आठ मात्रा, पण जिथे ठोस थाप पडावी असं आपला कान समजून असतो, तिथे ती पडत नाही, उपांत्य जागी पडते, आणि त्यामुळे संथ गाणंही पाय उचलायला लावतं. सिनेसंगीतातले वादक आजही त्याला ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. रेकॉर्डिंगला नुसतं ‘दत्ताराम लावा’ म्हटलं की ढोलकवाल्याला कळतं. मंडळी, हा केवढा मोठा सन्मान आहे! आपल्याकडे राग माणसांच्या नावाने आहेत, मियाँ की तोडी आहे, बिलासखानी आहे. तबल्यात कायदे उस्तादांच्या नावाने सांगतात. पण सिनेमाच्या दुनियेत, जिथे वादकाचं नाव छापायची पद्धत नव्हती, तिथे वादकांनीच आपल्यातल्या एकाच्या नावाने ठेका चालवला. कोणा कंपनीने ते नाव दिलेलं नाही, ते तोंडातोंडी आलं. रचना कोणाची, याचा निकाल त्या वादकांनी केव्हाच लावलेला आहे.

पुढे राज कपूर यांनी दत्तारामांना स्वतंत्र संगीतकार केलं. ‘अब दिल्ली दूर नहीं’, १९५७. ‘चुन चुन करती आयी चिडिया’ त्यातलं, रफीसाहेबांचं. आपल्या आयांनी, आज्यांनी ते मुलांना म्हटलेलं आहे. दुसऱ्याच वर्षी ‘परवरिश’. मुकेश यांचं ‘आँसू भरी हैं ये जीवन की राहें’. आता इथे जरा थांबतो, कारण या एका गाण्यावर मी तासभर बोलू शकेन. (अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात. हशा.) शब्द काय आहेत? अश्रूंनी भरलेल्या वाटा. चाल कशी आहे? उदास. कुठलाही संगीतकार अशा गाण्याला ठेका लावताना हात आवरता घेईल, रडणाऱ्या माणसाच्या मागे दबकत चालावं तसा. दत्ताराम काय करतात? आपला तोच झुलता ठेका लावतात. आणि त्यामुळे ते दुःख जमिनीवर बसून राहत नाही. चालायला लागतं. रस्त्यावरून जाणारा माणूस आपलं दुःख गुणगुणत पुढे निघालाय, असं ते गाणं होतं. ही कल्पना पेटीवर सुचणार नाही, ती ढोलकवरच सुचते. त्याच सिनेमात मन्ना डे आणि लताबाईंचं ‘मस्ती भरा है समा’ आहे, तिथे ताल खेळकर आहे, आणि दोन्ही एकाच हातातून आलेले आहेत. १९५९ मध्ये ‘कैदी नं. ९११’, ‘मीठी मीठी बातों से बचना जरा’. १९६१ ला ‘जिंदगी और ख्वाब’, त्यात मन्ना डे आणि आपल्या सुमनताई कल्याणपूर यांचं ‘न जाने कहाँ तुम थे’. आणि हे सगळं करताना शंकर-जयकिशन यांच्याकडचं सहायकाचं काम चालूच. २००७ मध्ये दत्ताराम गेले. त्या दिवसांत मी ज्या ज्या तरुण वादकांशी बोललो, त्यांतल्या अनेकांना ठेका येत होता, पण दत्ताराम नावाचा एक माणूस परवापरवापर्यंत हयात होता हे माहीत नव्हतं. मला ते फार लागलं.

आता जे सांगणार आहे ते माझ्या मनात रुतून बसलेलं आहे. काही वर्षांपूर्वी माहीमच्या एका घरी मी गेलो होतो. एक जुने स्टुडिओ ड्रमर, नाव घेत नाही कारण घरच्यांची इच्छा नाही, ते जाऊन थोडे दिवस झाले होते. त्यांच्या मुलीला वडिलांनी वाजवलेल्या गाण्यांची यादी करायची होती. संगीताशी संबंधित एका कार्यालयात ती गेली होती, तिथे तिला सांगितलं, पुरावा आणा. कुठल्या गाण्यात वाजवलं याचा कागद आणा. तिने वडिलांच्या डायऱ्या काढल्या. लहान, खिशात मावतील अशा. मला वाटलं, झालं, हेच तर हवं होतं! उघडल्या. तारीख, स्टुडिओ, संगीतकाराच्या नावाची आद्याक्षरं, शिफ्ट, मिळालेली रक्कम, टॅक्सीचा खर्च. गाण्याचं नाव एकाही पानावर नाही. कसं असेल? रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या गाण्याला नाव कुठे असतं? ‘अमक्यांचं साँग’ एवढंच. सिनेमाचं नावही बदलायचं. वाजवायचं, पाकीट घ्यायचं, दुसऱ्या स्टुडिओकडे पळायचं. गाणं गाजायचं तेव्हा हा माणूस तिसऱ्याच ठिकाणी चौथ्याच गाण्याला बसलेला असायचा.

मग मी आणि ती मुलगी बसलो. डायरीतली तारीख, त्यावरून सिनेमा कधी आला असेल, त्या संगीतकाराचे त्या सुमाराचे सिनेमे कोणते, असं जुळवत गेलो. एका अर्थी वेड्यासारखं काम. पण त्यात एक गोष्ट घडली. त्यांच्या हाताची एक सवय होती. अंतरा संपून मुखडा परत येतो ना, त्याच्या अगदी आधी ते हाय-हॅट, म्हणजे पायाने उघड-मीट होणारी झांजांची जोडी, किंचित उघडायचे, एक श्वास सोडल्यासारखा आवाज, आणि मग स्नेअर ड्रमवर समेच्या जरा आधी एक पिकअप, म्हणजे उचल. पाच-सहा गाणी खात्रीची मिळाल्यावर आम्हाला ती सवय ओळखू यायला लागली. त्यानंतर गाणं लावलं की मुलगीच म्हणायची, हे पप्पांचं, हे नाही. आणि डायरीची तारीख जुळायची. ती स्वतः वाजवत नाही. एकही वाद्य तिला येत नाही. तरी तिला हात ओळखू येत होता.

मला सांगा, ज्याचा हात तीस-चाळीस वर्षांनंतर, दहा वेगवेगळ्या संगीतकारांच्या गाण्यांमधून ओळखू येतो, त्याने दुसऱ्याचं ऐकून नुसतं वाजवलं असं कसं म्हणायचं? तो पिकअप कोणत्याही अरेंजरने कागदावर लिहिलेला नव्हता. तो त्यांनी रचला. आपण लेखकाला शैलीवरून ओळखतो आणि म्हणतो की हे लेखन त्याचं. इथेही तोच न्याय लावायला नको? त्या कार्यालयात आम्ही हे कागद दिले. ‘ऐकून ओळखणं’ हा पुरावा त्यांच्या रकान्यात बसत नव्हता. यादी आजही त्या मुलीच्या कपाटात आहे, आणि ती अर्धीच आहे.

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? बरं. पुढच्या कार्यक्रमाला हॉल द्यायचाय, मला कल्पना आहे. आता पळतो, पण राहिलेला भागच खरा मुद्दा आहे, तेव्हा लक्ष असू द्या.

ऐंशीच्या दशकात यंत्रं आली. १९८० ला लिन ड्रम मशीन, खऱ्या ड्रम्सचे साठवलेले आवाज असलेलं. १९८५ ला रोलँडचा ऑक्टापॅड, जो आज आपल्या प्रत्येक वाद्यवृंदात आणि गणपतीच्या बँजो पार्टीत दिसतो. ट्रॅकवर रेकॉर्डिंग सुरू झालं, शंभर माणसांचा ताफा हळूहळू विरत गेला. पुष्कळांचं काम गेलं, त्याबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. माझा मुद्दा एवढाच की यंत्र आलं तेव्हा त्यात ठेका कोणी भरला? तालवाल्यानेच. ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्द आला, आणि जे काम आधी साथ होतं ते एकदम निर्मिती ठरलं, त्याचं नाव टायटलमध्ये यायला लागलं. काम तेच. हात तेच. 

दुसरं, ज्यांनी ही भिंत ओलांडली त्यांच्याकडे बघा. त्रिलोक गुर्टू, १९५१ साली मुंबईत जन्म, आई आपल्या शोभाताई गुर्टू. ड्रम्स आणि तबला दोन्ही एका बैठकीत, जमिनीवर गुडघा टेकून वाजवणारा माणूस, शेजारी पाण्याची बादली, वाजती झांज तिच्यात बुडवून सूर वाकवणारा. ‘ओरेगॉन’ या गटात गेला, जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर वाजवलं, आणि १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या स्वतःच्या अल्बममध्ये आईला गायला बसवलं. रणजित बारोट, सितारादेवींचे चिरंजीव, कथकचे बोल घरातच. ड्रमर, अरेंजर, संगीतकार, मॅकलॉफ्लिनच्या ‘फोर्थ डायमेन्शन’मध्ये ड्रम्सवर. जगाने या दोघांना संगीतकार म्हणून मानलं, कारण त्यांची रचना त्यांच्या नावाने बाहेर पडली. लेस्ली गोदिन्होंची दुसऱ्यांच्या गाण्यात विरली. यांच्या आणि लेस्लींच्या कर्तबगारीत मला तरी जात वेगळी दिसत नाही.

आणि आता कायदा. हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात ‘संगीतकार’ कोण याची व्याख्या आली. ती म्हणते, जो संगीत रचतो तो संगीतकार, मग त्याने ते नोटेशनमध्ये लिहिलेलं असो वा नसो. हे पुन्हा सांगतो: लिहिलेलं असो वा नसो! म्हणजे कागद नसलेल्या दत्तारामांसाठी, माहीमच्या त्या ड्रमरसाठी कायद्याचं दार मुळात उघडं आहे. त्याच दुरुस्तीने कलावंताचे, म्हणजे सादर करणाऱ्याचे हक्क आले. २०१२ ला आणखी दुरुस्ती झाली. व्यापारी वापर झाला तर सादर करणाऱ्याला रॉयल्टी, आणि ‘हे मी वाजवलंय’ असं सांगून घ्यायचा नैतिक हक्क. उत्तम. पण त्याच २०१२ मध्ये ‘सादर करणारा’ कोण, या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, जोडलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीसह कुठेही दिलेलं नाही, तो ‘सादर करणारा’ धरला जाणार नाही. आपल्या कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क तेवढा त्याला राहील. नाव लावून घ्यायचा हक्क नाही.

म्हणजे बघा काय झालं. ज्याचं नाव कधीच छापलं गेलं नाही, त्याने नाव मागायला जावं, तर कायदा म्हणतो तुझं नाव छापलेलं नाही. आता कोणी म्हणेल, दोन्ही अटी एकत्र आहेत. नुसतं नाव नसून चालत नाही, काम किरकोळही असावं लागतं. मान्य. आणि म्हणूनच मी आज पाऊण तास अमृतरावांची करकर, दत्तारामांचा ठेका आणि तो हाय-हॅटचा श्वास तुमच्यापुढे मांडला. ते काम किरकोळ आहे का, यावर सगळं अडलेलं आहे. ‘साथ’ म्हटलं की ते किरकोळ ठरतं. ‘रचना’ म्हटलं की ठरत नाही.

करायचं काय, ते दोन वाक्यांत. आजपासून जे मराठी आणि हिंदी ध्वनिमुद्रण होतंय त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, आडनावासकट, फाइलबरोबर नोंदलं गेलं पाहिजे. डिजिटल फाइलला त्यासाठी वेगळा कागदही लागत नाही. आणि जुन्यांसाठी, ज्यांच्या घरी अशा डायऱ्या आहेत, माहीम, वांदरे, गिरगाव, परळ, कुठेही, त्या रद्दीत घालू नका. वादकांपैकी जे आपल्यात आहेत त्यांना गाणं ऐकवा, त्यांनी काय वाजवलं आणि ते कुठून सुचलं हे त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, तारखेसकट. उद्या कोणी वकील कोर्टात उभा राहिला तर त्याच्या हातात काहीतरी असेल.

वेळ संपलेली आहे. सभागृहात दोन वकील आहेत हे मला माहीत आहे, आणि ‘लेस्ली’ म्हणणारे ते गृहस्थही आहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात कृपया वकिलांनी करावी. त्या परंतुकाचा अर्थ मी लावला तसाच लागतो का, की ढोलकवाल्याला त्यातून वाट काढता येते, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.